सतरावा नमुना

"मग आला का नाहीत, भंते? तेवढं सांगा."

भंते धम्मसारांनी मान वर केली नाही.

चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात, सोड्याच्या पाण्यात, जखमांच्या पट्ट्या उकळत होत्या. भंते काठीनं एकेक पट्टी वर काढत, वाफ जाऊ देत आणि गार पाण्याच्या घमेल्यात सोडत. त्यांचं चीवर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं.

डॉ. यशपाल मेश्राम पत्र्याच्या शेडच्या तोंडाशी उभा होता. इस्त्रीचा शर्ट, पायांत नवे बूट. नागपूरहून सकाळी निघाला तो तडक वैनगंगेकाठच्या ह्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत आला होता, आणि वाटभर एकच वाक्य घोळवत आला होता. ते त्यानं आल्या आल्या बोलूनही टाकलं होतं. आता पुढं काय बोलायचं ते सुचत नव्हतं.

"पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तुमच्यासाठी होती. दोन तास रिकामी. संचालकांनी मला विचारलं, तुमचे गुरुजी कुठायत? मी काय सांगू? काल माझ्या प्रयोगशाळेचं उद्घाटन होतं, भंते. रोज होत नाही."

भंतेंनी घमेल्यातली पट्टी पिळली.

दीक्षा घेण्याआधी ते शाळेत विज्ञान शिकवत. आठवीतल्या यशपालला कांद्याची साल लाल शाईत बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनीच दाखवली होती. पोरगं तासभर भिंगापासून हललं नव्हतं. पुढं त्याची फी, त्याची पुस्तकं, नागपुरातली त्याची राहण्याची सोय, सगळं ह्याच माणसानं दारोदार फिरून उभं केलं होतं. म्हणून तर राग असा घशाशी आला होता. परक्या माणसावर इतकं चिडता येत नाही.

"बोला ना काहीतरी…"

"भाषण कशावर केलंस?" भंतेंनी विचारलं.

"नेहमीचंच. पेशी आणि जीवनाचा रेणू."

"मी ऐकलं नाही. सांग."

"इथं?"

"तिथं आलो नाही म्हणून रागावलास. इथं सांग."

यशपालनं नाराजीनं श्वास सोडला. पण भाषण त्याच्या जिभेवर होतं. आणि चांगलं होतं.

तो बोलू लागला. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका माणसानं बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला आणि त्याला खोल्याच खोल्या दिसल्या. मठातल्या भिक्षूंच्या असतात तशा लहान. त्यानं नावही तेच दिलं, 'सेल', म्हणजे भिक्षूची खोली. पण खोल्या रिकाम्या होत्या, बुचातला जीव केव्हाच गेलेला. मग हॉलंडातल्या एका कापडवाल्यानं घरी घासलेल्या भिंगातून पाण्याच्या थेंबात वळवळणारे जीव पाहिले. मग पेशी, पेशीतलं केंद्रक…

बोलता बोलता त्याचा आवाज सभागृहातला झाला.

"आणि मग जर्मनीत, एका जुन्या किल्ल्याच्या स्वयंपाकघरात, एक तरुण रसायनतज्ज्ञ बसला. त्याला केंद्रकात काय आहे ते पाहायचं होतं. त्यासाठी भरपूर पेशी हव्यात. कुठून आणणार? तो जवळच्या दवाखान्यातून रोज पट्ट्या आणायचा. पुवानं भरलेल्या. त्या मिठाच्या पाण्यात धुवायचा, पुवातल्या पेशी वेगळ्या करायचा, डुकराच्या जठरातल्या रसानं त्यांचं बाकीचं सगळं विरघळवायचा. शेवटी तळाशी जे उरलं ते कुणीच कधी पाहिलं नव्हतं. तोच तो रेणू, भंते. आई मुलाला जे देते ते सगळं ज्यात लिहिलेलं असतं, तो. लोकांनी फेकून दिलेल्या घाणीत सापडला!"

इथं नेहमी टाळ्या पडत. कालही पडल्या होत्या.

पातेल्यातलं पाणी खदखदत राहिलं.

"कुणाचा?" भंतेंनी विचारलं.

"काय कुणाचा?"

"पू."

यशपालला हसू आलं. "ते कोण लिहून ठेवतं, भंते? दवाखान्यातले रोगी. कुणीही."

"बरं."

भंतेंनी पुढची पट्टी उचलली. तिच्यावर पिवळसर डाग तसाच होता. ती त्यांनी परत उकळत्या पाण्यात सोडली.

"सतरा नंबर कोण आहे?"

यशपालला क्षणभर काही उमजलं नाही.

"तुझा निबंध पाठवला होतास तू. सुंदर छापलाय. शेवटी तक्ता आहे. नमुना एक ते एक्केचाळीस. सतराव्यापुढे लिहिलंय की जंतूच्या रेणूत एक अक्षर बदललंय, म्हणून मुख्य औषधाला तो दाद देत नाही. जिल्ह्यात पहिल्यांदाच आढळला. तुझं नाव झालं ते त्या सतराव्यामुळं. कोण आहे तो?"

"ते सांगता येत नाही. नियमच आहे तसा. रोग्याचं नाव गुप्त ठेवावं लागतं."

"मला सांगू नको. तुला माहीत आहे का?"

"…यादी आहे."

"यादीला माहीत आहे. मी तुला विचारलं."

बुटाच्या टोकाशी चिखल आला होता, तो यशपाल जमिनीवर घासू लागला.

भंते उठले. पाणी ठिबकणारी काठी त्यांनी यशपालकडं रोखली. पस्तीस वर्षांत यशपालनं त्यांना संतापलेलं पाहिलं नव्हतं. त्यामुळं हा संताप आहे हे कळायलाच त्याला थोडा वेळ लागला.

"दोन वर्षांपूर्वी ह्या अंगणात एक्केचाळीस माणसं मी ओळीनं बसवली. मी! सगळी रोग उलटलेली. तुझी पोरं कानाच्या पाळीचा नमुना घ्यायला पाती घेऊन आली होती. लोक घाबरले. मी म्हटलं, कान पुढं करा, आपला यशपाल आहे. तो येऊन सांगेल कुणाच्या अंगात काय आहे ते. माझ्या शब्दावर त्यांनी कान कापून दिले."

"चिरा होत्या, भंते. लहानशा…"

"तुझा कान होता का?"

शेडबाहेर वाळत घातलेल्या पट्ट्या वाऱ्यानं फडफडत होत्या.

"चार पत्रं लिहिली तुला. मला नाव नको, पण त्या माणसाला गाठ आणि सांग, दुसरं औषध दे. एका पत्राला उत्तर आलं, तुझ्या कारकुनाचं. 'सदर माहिती गोपनीय आहे.' ह्या वसाहतीत एक माणूस दर महिन्याला गोळ्या खातोय, त्या त्याला लागू पडत नाहीत, हे तुला माहीत, मला माहीत, तुझा निबंध वाचणाऱ्या विलायतेतल्या माणसालाही माहीत… फक्त त्या माणसाला माहीत नाही. आणि मी मधल्या खुर्चीत येऊन बसू? शाल घेऊन?"

"आम्ही जिल्ह्याच्या ऑफिसला कळवलं होतं," यशपालचा आवाज चढला. "पत्र गेलं होतं. पुढं कळवणं त्यांचं काम. मी संशोधक आहे, भंते, घरोघर फिरणारा कर्मचारी नाही. एक्केचाळीसच काय, चार हजार नमुने येतात माझ्याकडं!"

"पोचलं का पत्र?"

"मला काय ठाऊक?"

हे बोलला आणि स्वतःच थबकला.

भंते खाली बसले. काठी पातेल्यात घातली. पुन्हा तेच. पट्टी वर, वाफ, गार पाणी.

यशपालला वाटलं, निघून जावं. गाडीत बसावं, काचा वर कराव्यात. एवढं ऐकून घ्यायला आपण आता आठवीत नाही.

तो गाडीपर्यंत गेला, दार उघडलं. मागच्या सीटवर भंतेंसाठी आणलेली शाल घडी न मोडता पडली होती. तिच्याशेजारी लॅपटॉपची बॅग.

त्यानं बॅग उघडली. यादी सापडायला फार वेळ लागला नाही. त्याला एवढंच वाटलं, इतकं सोपं होतं?

परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"भंते… सायत्राबाई कुठं राहतात?"

काठी पाण्यात तशीच राहिली. पट्टी तिच्यावरून घसरून पुन्हा तळाशी गेली.

भंतेंनी डोळे मिटले.

"सायत्रा," ते म्हणाले. आणि पुन्हा, अगदी हळू, "सायत्रा…"

मग उठले आणि चालू लागले. यशपाल मागोमाग.

वसाहतीच्या शेवटच्या ओळीत सायत्राबाईची खोली होती. ती ओट्यावर चिंचा फोडत बसली होती. बोटं आखडून तळव्याला मिटलेली. दोन्ही मनगटांच्या मध्ये दगड धरायचा, तो चिंचेवर आपटायचा आणि चिंचोका पायाच्या अंगठ्यानं बाजूला सारायचा. कपाळावर नव्या गाठी उठल्या होत्या. डावी पापणी पुरती मिटत नव्हती.

भंते दिसले तसा तिनं दगड खाली ठेवला. नमस्कार मात्र केला नाही.

"काय झालं आता? पुन्हा गोळ्या मोजाले आले का?"

भंतेंनी यशपालकडं पाहिलं आणि ते बाजूला झाले.

यशपाल ओट्यापाशी उभा राहिला.

"बाई, मी डॉक्टर मेश्राम. दोन वर्षांपूर्वी आम्ही तुमचा नमुना नेला होता…"

"कानाचा. मालूम आहे. हाताचा नेला असता तर समजलंही नसतं मले. कानाचा दुखला."

"हो. तर त्याच्या तपासणीत असं निष्पन्न झालं की तुमच्या शरीरातल्या जिवाणूमध्ये औषधप्रतिरोधाचं उत्परिवर्तन…"

"मराठीत सांग, बाबू."

परवाच दिल्लीत यशपालनं हेच वाक्य तीनशे लोकांसमोर, हसत हसत, म्हटलं होतं.

"तुमच्या अंगात जो जंतू आहे… त्याच्यावर ह्या गोळ्या चालत नाहीत. तुम्ही घेतल्यात. त्याला काही झालं नाही."

सायत्राबाई त्याच्याकडं बघतच राहिली.

"मी घेतल्या?"

"हो."

"तुले कसं मालूम, मी घेतल्या?"

"तो जंतू ह्या गोळ्यांनी मरणारा नाहीच, बाई. कितीही नेमानं घेतल्यात तरी आजार असाच वाढला असता. गोळ्या चुकवल्या म्हणून नव्हे."

"पुन्हा बोल."

"गोळ्या चुकवल्या म्हणून आजार वाढला नाही."

"जोरानं बोल! त्या तिकडच्या ओळीपर्यंत जाऊ दे."

यशपालनं आजूबाजूला पाहिलं. दोन ओट्यांवर माणसं बसली होती. एक म्हातारा कुबडी टेकत थांबला होता.

"बाई, ही तुमची खासगी गोष्ट आहे. असं चारचौघांत…"

"खासगी?" सायत्राबाई उठलीच. "गोळीवाटप करणारा बाबू इथंच उभा राहून म्हणला, ही बाई गोळ्या चुलीत टाकते, सरकारले बुडवते. तवा खासगी होतं? बाया माह्या हातचं पानी घेत नोत्या. हे कुष्ठाचे लोक, बाबू, आन् कुष्ठाच्या लोकायनं मले वाळीत टाकलं! म्हणे, हिचं लागंल आमाले. तवा कोनी खासगी म्हणलं?"

तिचा आवाज फाटला.

"बोल. तुह्या त्या मोठ्या सभेत बोलतोस ना? तसा बोल."

यशपाल ओळीकडं वळला. मग तो बोलला. ओळीच्या शेवटापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं.

"सायत्राबाईंनी सगळ्या गोळ्या घेतल्या होत्या. एकही चुकवली नाही. चूक औषधाची होती. आणि… हे मला दीड वर्षापासून माहीत होतं."

शेवटचं वाक्य त्यानं ठरवलं नव्हतं. ते आपसूक बाहेर पडलं.

कुबडीवाला म्हातारा मान हलवत राहिला. समोरच्या ओट्यावरची एक बाई उठून आत निघून गेली.

सायत्राबाई खोलीत गेली आणि बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा दोन्ही कोपरांत धरून घेऊन आली. ओट्यावर उपडा केला. गोळ्यांची रिकामी पानं चांदीसारखी चकाकत घरंगळली. काही भंतेंच्या पायाशी आली.

"एकूण एक ठेवली. कोनी इचारलं तर दाखवीन म्हणून. कोनीच नाही इचारलं. दाखवाले गेली तर म्हणे, पान रिकामं हाय, गोळी कुठं गेली ते तुलेच ठाव."

आणि मग ती भंतेंकडं वळली. आता तिचा आवाज उतरला होता. चढलेल्या आवाजापेक्षा तो ऐकणं जड होतं.

"असं कोन म्हणलं, सांगू? तुमी म्हणले, भंते. विहारात. सगळ्यायसमोर. मी रडत होती तुमच्यापुढं. तुमी म्हणले, सायत्रा, खोटं बोलून आजार जात नाही…"



यशपालला वाटलं, आता भंते काहीतरी बोलतील. आयुष्यभर त्यांना अशा वेळी बरोबर शब्द सुचत आले होते. तो वाट पाहत होता.

भंते बोलले नाहीत.

ते गुडघ्यांवर आले. ओट्याखालच्या मातीत, त्या रिकाम्या पानांच्या मध्ये. दोन्ही तळवे जमिनीला टेकवले आणि सायत्राबाईच्या पायांपुढं कपाळ मातीला लावलं.

कुणीतरी "अरे!" म्हणालं. भिक्खूला सगळे वाकतात, भिक्खू गृहस्थापुढं वाकत नाही. ही गोष्ट वसाहतीतल्या लहान पोरालाही ठाऊक होती.

"उठा," सायत्राबाई म्हणाली. पाय मागं घेतले नाहीत. "उठा, भंते."

भंते उठले नाहीत.

ती बघत राहिली. डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. तो डोळा तसाही सारखा गळत असे, त्यामुळं ती रडते आहे की नाही ते सांगता आलं नसतं.

"मी माफ नाई केलं," ती म्हणाली. "पन उठा."

तेव्हा ते उठले.

सायत्राबाई यशपालकडं वळली. "आता दुसरं काही औषध हाय का, का फकस्त सांगाले आलता?"

"आहे. वेगळी औषधं आहेत. लागू पडतात."

"मंग?"

यशपालनं खिशातून फोन काढला. ओट्यापासून चार पावलांवर जाऊन बोलू लागला. पलीकडून कुणीतरी म्हणालं असावं की उद्या फोन करा, साहेब जेवायला गेलेत, कारण यशपाल म्हणाला, "मी धरून उभा आहे. बोलवा त्यांना." आणि तो खरंच उभा राहिला, उन्हात, वीस मिनिटं. रुग्णालयाच्या डॉक्टरांशी बोलणं झालं, सोमवारची वेळ ठरली, गाडी तो स्वतः घेऊन येणार असंही ठरलं. डोळ्यांच्या डॉक्टरांचीही वेळ त्यानं मागून घेतली. डोळ्याचं काय होईल ते मात्र पलीकडच्या माणसानं सांगितलं नाही. यशपालनंही विचारायचं धाडस केलं नाही.

त्यानं हे सगळं सायत्राबाईला सांगितलं. मराठीत.

तिनं ऐकून घेतलं. "सोमवारी," ती म्हणाली. "किती वाजता?"

"आठ."

"तू सांगाले दीड वर्स लावलं, बाबू. आन् सांगून झालं तं किती टाइम लागला पाय बरं…"

ती पुन्हा बसली. दगड मनगटांत धरला. चिंच फोडू लागली.

दोघं परत निघाले. भंतेंच्या कपाळाला माती तशीच होती, त्यांनी ती पुसली नाही. वाटेत जो भेटला तो त्या मातीकडं बघत राहिला.

शेडपर्यंत यशपालनं स्वतःला कसंबसं धरून ठेवलं. मग त्याला राहवलं नाही. आता त्याला कुणाचा राग येत होता तेच समजत नव्हतं. स्वतःचा, त्या पत्राचा, त्या कारकुनाचा, की आपल्या गुरूला मातीत पाहावं लागलं ह्याचा.

"चूक माझी होती, भंते. तुम्हाला ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं असतं तर तुम्ही तसं बोललाही नसता. मग तुम्ही का? भिक्खूनं असं करायचं नसतं. सगळ्यांनी पाहिलं. उद्या गावभर होईल. तुम्ही का वाकलात?"

भंतेंनी चुलीत लाकूड सारलं. फुंकर घातली. धूर डोळ्यांत गेला तरी मान वळवली नाही.

"तू उभा होतास ना," ते म्हणाले. "मग दुसरं कोण वाकणार?"